फान बोई चाउ

फान बोई चाउ (जन्म : २६ डिसेंबर १८६७, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९४०) हे व्हियेतनाममधील क्रांतिकारक, विद्वान व लेखक होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत फ्रेंच सत्तेविरुद्ध झालेल्या व्हियेतनामी चळवळींचे ते सर्वांत महत्त्वाचे नेते मानले जातात. व्हियेतनामी तरुणांना गुप्तपणे जपानला शिक्षणासाठी पाठवणारी दोंग यू (पूर्वेकडे प्रवास) ही चळवळ त्यांनी उभी केली. आयुष्याची वीस वर्षे त्यांनी जपान, चीन व सयाम या देशांत निर्वासित म्हणून काढली आणि शेवटची पंधरा वर्षे हुए शहरात फ्रेंचांच्या नजरकैदेत. बलाढ्य वसाहतवादी सत्तेला हटवायचे तर बाहेरच्या एखाद्या राष्ट्राचे साहाय्य मिळवावेच लागेल, ही त्यांची धारणा होती. त्या साहाय्याचा शोध आणि त्यात पुनःपुन्हा पदरी आलेले अपयश यांभोवतीच त्यांचे चरित्र फिरते.

नाव

त्यांचे मूळ नाव फान वान सान असे होते. युई तान या सम्राटाच्या व्यक्तिनामात 'सान' हा शब्द होता. सम्राटाचे नाव प्रजेने धारण करू नये, या दरबारी संकेतामुळे त्यांना ते बदलावे लागले. 'साओ नाम' हे त्यांचे टोपणनाव. व्हियेतनामी पद्धतीत आडनाव आधी येते. त्यामुळे 'फान' हे कुलनाम असून त्यांचे समकालीन सुधारक फान चाउ त्रिन यांचेही तेच आहे. मात्र दोघांचे नाते नव्हते. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात पहिल्याचा उल्लेख बोई चाउ व दुसऱ्याचा चाउ त्रिन असा केला आहे.

फ्रेंच सत्तेचा विस्तार

फ्रेंच आरमाराने १८५८ मध्ये दा नांग बंदरावर हल्ला केला. १८६२ च्या सायगाव तहाने दक्षिणेकडील तीन प्रांत फ्रान्सला मिळाले आणि १८६७ मध्ये, म्हणजे बोई चाउ यांच्या जन्माच्याच वर्षी, दक्षिणेतील उरलेले तीन प्रांतही फ्रेंचांनी घेतले. १८८३ व १८८४ च्या तहांनी उर्वरित देशावर फ्रेंचांचे संरक्षण लादले गेले. दक्षिण भाग कोचिनचीन या नावाने थेट वसाहत झाला. मध्य भाग आनाम व उत्तर भाग तोंकिन या नावांनी संरक्षित प्रदेश ठरले. हुएच्या गादीवर सम्राट राहिला, पण कारभार फ्रेंच रेसिडेंटांच्या हाती गेला. आपल्याकडील संस्थानांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच, की येथे एकाच भाषेच्या व एकाच राजाच्या देशाचे तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळा कायदा लावण्यात आला. 'व्हियेतनाम' हे नावच सरकारी कागदपत्रांतून नाहीसे झाले.

पॉल दूमेर हे १८९७ ते १९०२ या काळात गव्हर्नर जनरल होते. त्यांनी मीठ, दारू व अफू यांची मक्तेदारी सरकारकडे घेऊन वसाहतीचा खर्च वसाहतीतूनच भागवण्याची व्यवस्था पक्की केली. डोईपट्टी व वेठ यांचा भार शेतकऱ्यांवर पडला. बोई चाउ यांच्या लेखनात या करांची यादी वारंवार येते.

बालपण व शिक्षण

बोई चाउ यांचा जन्म न्गे आन प्रांतातील नाम दान तालुक्यात झाला. हा प्रांत गरिबीसाठी, कडक हवामानासाठी आणि हट्टी विद्वानांसाठी ओळखला जातो. वडील फान वान फो हे गावोगावी शिकवणारे पंतोजी होते. मुलाला चिनी लिपी व कन्फ्यूशियन ग्रंथ त्यांनीच शिकवले. आईचा मृत्यू १८८४ मध्ये झाला.

१८८५ मध्ये तरुण सम्राट हाम न्घी राजधानीतून निसटला आणि फ्रेंचांविरुद्ध उठण्याचे आवाहन त्याच्या नावाने देशभर गेले. 'कान वुओंग' (राजाला साहाय्य करा) या नावाने हा उठाव इतिहासात ओळखला जातो. बोई चाउ यांनी परीक्षेची तयारी करणाऱ्या सुमारे साठ विद्यार्थ्यांचे पथक जमवले. पथकाजवळ शस्त्रे नव्हती व अनुभवही नव्हता. फ्रेंच तुकडी येताच ते विखुरले. या फजितीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र व्यवहारी होता. ज्याला समाजात नाव नाही त्याच्यामागे कोणी येत नाही, आणि त्या समाजात नाव मिळवण्याचा मार्ग परीक्षांतून जात होता.

हा मार्गही सरळ नव्हता. प्रांतिक परीक्षेत ते अनेकदा नापास झाले. १८९७ मध्ये परीक्षागृहात लिखित कागद बाळगल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली. पुढे हुए येथे शिकवत असताना त्यांच्या काव्यरचनेची वाहवा झाली. दरबारातील चाहत्यांनी शब्द टाकला आणि बंदी उठली. १९०० मध्ये न्गे आनच्या परीक्षेत ते पहिले आले. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. एकुलत्या मुलाने वृद्ध वडिलांना संकटात टाकू नये, या कन्फ्यूशियन कर्तव्याने इतकी वर्षे त्यांना बांधून ठेवले होते. ते बंधन आता उरले नाही.

परीक्षेतील यशाने सरकारी नोकरीचे दार उघडले होते. बोई चाउ त्या दारातून आत गेले नाहीत. १९०३ मध्ये त्यांनी हुएच्या राजकीय विद्यालयात नाव नोंदवले ते अधिकाऱ्यांमध्ये वावरता यावे व संशय येऊ नये म्हणून. याच सुमारास त्यांनी र्‍यूक्यू राज्याच्या स्वातंत्र्यनाशावर एक पुस्तिका लिहिली. दुसऱ्या देशाची कहाणी सांगत असल्याचे भासवून आपल्या देशाविषयी बोलणे ही त्यांची युक्ती होती. र्‍यूक्यूचे राज्य गिळंकृत केले होते ते जपानने, १८७९ मध्ये. दोनच वर्षांनी लेखक मदतीसाठी त्याच जपानच्या दारी उभा राहणार होता. पुस्तिकेने दरबारी अधिकाऱ्यांची मने हलली असतील, पण त्यांच्यापैकी कोणी पुढे आले नाही.

युई तान होई

१९०४ मध्ये क्वांग नाम प्रांतात एका सहकाऱ्याच्या घरी जमलेल्या मोजक्या मंडळींनी 'युई तान होई' (नवसुधारणा मंडळ) ही गुप्त संस्था स्थापन केली. संस्थेचे अध्यक्षपद राजपुत्र कुओंग दे यांना देण्यात आले. ते राजवंशाचे संस्थापक सम्राट ज्या लाँग यांच्या थोरल्या मुलाच्या वंशातील होते. बोई चाउ त्या काळी कट्टर राजनिष्ठ होते असे दिसत नाही. राजपुत्राच्या नावाने, विशेषतः दक्षिणेतील धनिक जमीनदारांकडून, पैसा मिळेल हा त्यामागचा हिशेब होता आणि तो बराचसा बरोबर ठरला.

संस्थेपुढचा प्रश्न शस्त्रांचा होता. चीन स्वतःच परकीयांनी पोखरलेला होता. नेमके त्याच वेळी जपान रशियाशी लढत होता व जिंकत होता. युरोपीय साम्राज्याला आशियाई देश हरवतो आहे, ही बातमी वसाहतींमध्ये वणव्यासारखी पसरली होती. जपानी लोक चिनी लिपी वाचतात, कन्फ्यूशियसला मानतात, म्हणजे ते आपलेच, असा युक्तिवाद मंडळाच्या बैठकीत झाला. १९०५ च्या आरंभी बोई चाउ दोन सहकाऱ्यांसह गुपचूप देशाबाहेर पडले.

जपानमधील वर्षे

बोई चाउ यांना जपानी बोलता येत नव्हते आणि चिनी भाषेचे बोलही कळत नव्हते. त्यांच्याजवळ होती ती अभिजात चिनी लिपी. योकोहामात राहणारे निर्वासित चिनी सुधारक लियांग छीछाव यांच्याशी त्यांची भेट झाली तेव्हा संवाद मुख्यतः कागदावर कुंचल्याने लिहून झाला. पूर्व आशियातील सुशिक्षितांत ही 'लेखणीने बोलण्याची' पद्धत रूढ होती. बोई चाउ यांचे सारे परराष्ट्र-राजकारण पुढेही याच मार्गाने चालले.

लियांग यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. जपानी सैन्य एकदा देशात आले की परत जाईल याची खात्री नाही, ही पहिली. शस्त्रांआधी लोकांना जागे करावे आणि जगाला आपली स्थिती कळवावी, ही दुसरी. जपानी राजकारणी इनुकाई त्सुयोशी व ओकुमा शिगेनोबू यांच्याशीही लियांग यांनी गाठ घालून दिली. त्या दोघांचे उत्तर सौजन्यपूर्ण पण स्पष्ट होते : शस्त्रे देणे म्हणजे फ्रान्सशी युद्ध ओढवून घेणे, ते शक्य नाही, विद्यार्थी मात्र जपानमध्ये शिकू शकतील. बोई चाउ बंदुका मागायला गेले होते आणि शाळा घेऊन परतले.

याच मुक्कामात त्यांनी 'व्हियेत नाम वोंग क्वोक सू' (व्हियेतनामच्या राष्ट्रनाशाचा इतिहास) हा ग्रंथ लिहिला. लियांग यांनी तो छापला. फ्रेंचांनी देश कसा घेतला, कोण लढले, कर किती व कसे आकारले जातात, हे त्यात सांगितलेले आहे. चीनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वाचला गेला आणि त्याचे कोरियन भाषांतरही झाले. ज्या कोरियावर जपान पकड घट्ट करत होता, तेथील वाचकांनी त्यात स्वतःचे भविष्य वाचले हे उघड आहे.

१९०५ मध्येच पुस्तिकेच्या प्रती घेऊन ते मायदेशी आले आणि पहिल्या विद्यार्थ्यांना बाहेर काढण्याची व्यवस्था लावून परतले. पुढच्या वर्षी राजपुत्र कुओंग दे जपानला पोहोचले. शिक्षणासाठी देणगी देण्याचे आवाहन करणारी बोई चाउ यांची पत्रके गावोगावी फिरू लागली. व्यापारी पेढ्या, खाणावळी, चहाची दुकाने यांच्या आडून पैसा गोळा होत असे. विद्यार्थी हाँगकाँगमार्गे जात. १९०८ पर्यंत त्यांची संख्या सुमारे २०० झाली आणि त्यांतील जवळजवळ निम्मे कोचिनचीनमधून आलेले होते. काहींना तोक्योतील लष्करी पूर्वतयारीच्या शिन्बू शाळेत प्रवेश मिळाला, बहुतेक दोबुन शोइन या शाळेत शिकत. तेथे त्यांना भाषा, गणित व विज्ञान शिकवले जाई आणि कवायतही करून घेतली जाई. तीन वेगळ्या कायद्यांखाली वाढलेली ही मुले एका वसतिगृहात एकत्र आली, हे या चळवळीचे कदाचित सर्वांत मोठे फलित होय. विद्यार्थ्यांची संघटना तिन्ही भागांच्या प्रतिनिधित्वाने चालत असे.

हलाखीही होती. त्रान दोंग फोंग हा श्रीमंत घरातील विद्यार्थी. चळवळीला वडिलांनी पैसे पाठवावेत म्हणून त्याने वारंवार लिहिले. पैसे आले नाहीत, तेव्हा त्या लाजेने त्याने १९०८ मध्ये आत्महत्या केली. तोक्योच्या झोशिगाया दफनभूमीत त्याची कबर आहे.

जपानमध्येच बोई चाउ यांची सन यत-सेन यांच्याशी भेट झाली. आधी चीनची क्रांती व्हावी, मग मोकळा झालेला चीन व्हियेतनामला मदत करील, असे सन यांचे म्हणणे होते. बोई चाउ यांनी नेमका उलटा क्रम सुचवला. दोघेही सौजन्याने निरोप घेऊन आपापल्या मतावर ठाम राहिले. १९०७ मध्ये चिनी, भारतीय व इतर आशियाई क्रांतिकारकांनी तोक्योत आपसांतील मैत्रीची एक संघटना स्थापन केली होती. त्या वर्तुळातही बोई चाउ यांचा वावर होता.

चाउ त्रिन यांच्याशी मतभेद

१९०६ मध्ये फान चाउ त्रिन हे बोई चाउ यांना भेटायला आले व त्यांच्याबरोबर जपानला गेले. तोक्योतील शाळा पाहून ते प्रभावित झाले, पण मित्राच्या मार्गाशी त्यांचे जमले नाही. चाउ त्रिन यांच्या मते देशाची खरी अडचण हुएचा दरबार व त्याचे भ्रष्ट अधिकारी ही होती. राजेशाही आधी जावी. फ्रेंच प्रजासत्ताकाला त्याच्याच तत्त्वांची आठवण करून देत शाळा, उद्योग व स्थानिक हक्क मिळवावेत. परकीय सैन्य बोलावणे म्हणजे एक मालक बदलून दुसरा आणणे होय. देशच हातात नसताना लोकांचे हक्क कोठे नांदणार, असे बोई चाउ यांचे उत्तर होते. हा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही आणि व्हियेतनामी इतिहासकारांतही तो चालूच आहे. नंतरच्या घटना पाहता जपानविषयीची चाउ त्रिन यांची शंका खरी ठरली, हे मान्य करावे लागते. मात्र फ्रेंचांच्या उदारतेवरील त्यांचा विश्वासही फारसा टिकला नाही.

१९०७ मध्ये हानोईत 'दोंग किन न्गिआ थुक' ही विनाशुल्क शाळा निघाली. रोमन लिपीतील व्हियेतनामी, आधुनिक विषय आणि स्वदेशी उद्योग यांचा पुरस्कार करणाऱ्या या शाळेला दोन्ही गटांचा पाठिंबा होता. काही महिन्यांतच सरकारने ती बंद केली. १९०८ च्या वसंतात मध्य व्हियेतनाममध्ये कर व वेठ यांच्याविरुद्ध शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले. शेंडा कापून आखूड केस ठेवणे ही निदर्शकांची खूण होती. जूनमध्ये हानोईतील फ्रेंच पलटणीच्या जेवणात विष घालण्याचा कट उघडकीस आला. अनेकांना मृत्युदंड झाला. मोर्चांशी थेट संबंध नसतानाही चाउ त्रिन यांना पकडून कोन दाओ बेटावरील तुरुंगात पाठवण्यात आले.

हकालपट्टी

जून १९०७ मध्येच फ्रान्स व जपान यांच्यात करार झाला होता. आशियातील एकमेकांच्या प्रदेशांचा मान राखण्याचे दोघांनी ठरवले आणि जपानला पॅरिसमधून कर्ज मिळाले. त्याचे परिणाम वर्षभरात दिसू लागले. फ्रेंच अधिकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना धरले व मुलांना परत बोलावण्याची पत्रे लिहायला लावली. जपानी पोलिसांनी विद्यार्थ्यांची संघटना मोडली. मार्च १९०९ मध्ये बोई चाउ यांना देश सोडावा लागला. जाण्यापूर्वी त्यांनी जपानचे परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारो यांना कडक शब्दांत निषेधाचे पत्र लिहिले. आशियाने जपानकडे वडीलबंधू म्हणून पाहिले, आणि जपानने मात्र गोऱ्या सत्तेची बाजू घेतली, असा त्याचा आशय होता.

याच काळातील एक प्रसंग व्हियेतनाम व जपान या दोन्ही देशांत अजून सांगितला जातो. विद्यार्थी परतीच्या भाड्यालाही मोताद झाले होते. असाबा साकितारो नावाच्या एका डॉक्टरकडे बोई चाउ यांनी संकोचाने मदत मागितली. डॉक्टरांनी १,७०० येन पाठवले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती, आणि त्यामागे ना राजकारण होते ना परतफेडीची अपेक्षा. असाबा १९१० मध्ये वारले. पुढे १९१८ मध्ये बोई चाउ जपानला गेले तेव्हा त्यांना हे कळले. डॉक्टरांच्या शिझुओका प्रांतातील गावी त्यांनी कृतज्ञतेचा शिलालेख उभारला. त्यांच्याजवळचे पैसे अपुरे पडल्याने गावकऱ्यांनी हातभार लावला. तो दगड आजही तेथे आहे. राज्यकर्त्यांकडून जे मिळाले नाही ते एका खेडेगावातील माणसाने दिले, याची नोंद बोई चाउ यांनी आठवणींत आवर्जून केली आहे.

सयाम व चीन

हद्दपारीनंतर त्यांनी देशातील बंडखोरांसाठी जपानमध्ये सुमारे ५०० रायफली विकत घेतल्या होत्या. त्या सयाममार्गे आत नेण्याचा प्रयत्न फसला. शेवटी बहुतेक शस्त्रे त्यांनी चिनी क्रांतिकारकांना मोफत देऊन टाकली. १९१० मध्ये ते काही साथीदारांसह सयाममध्ये शेती करू लागले. १९११ च्या वुचांग उठावाची बातमी आली आणि नांगर बाजूला राहिला.

१९१२ मध्ये ग्वांगचौ येथे युई तान होई विसर्जित करून 'व्हियेत नाम क्वांग फुक होई' (व्हियेतनाम पुनःस्थापना संघ) स्थापन झाला. आता ध्येय प्रजासत्ताकाचे होते. राजपुत्र प्रमुखपदी राहिले तरी राजेशाहीचा आग्रह सुटला. चीनच्या नव्या सरकारने विद्यार्थ्यांना आपल्या लष्करी शाळांत घेण्यापलीकडे फारसे काही दिले नाही. लोकांचे लक्ष वेधण्यासाठी संघाने हिंसेचा आधार घेतला. एप्रिल १९१३ मध्ये थाय बिन्ह येथे एका व्हियेतनामी प्रांताधिकाऱ्याची बाँबने हत्या झाली, तर हानोईतील एका हॉटेलवरील बाँबहल्ल्यात दोन फ्रेंच लष्करी अधिकारी मारले गेले. सरकारने शेकडोंची धरपकड केली, काहींचा शिरच्छेद केला आणि बोई चाउ व कुओंग दे यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. या हल्ल्यांतून उठाव झाला नाही. देशातील संघटनेची उरलीसुरली फळी मात्र त्यात संपली.

१९१४ च्या आरंभी ग्वांगदोंगचे लष्करशहा लोंग जीग्वांग यांनी त्यांना तुरुंगात टाकले. आपल्याला फ्रेंचांच्या हवाली केले जाईल या अपेक्षेने त्यांनी घाईघाईने एक आत्मकथन लिहून काढले. ते 'तुरुंगातील लेख' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. मृत्यू मात्र आला नाही. १९१७ मध्ये लोंग यांची सत्ता गेली आणि ते सुटले. पहिले महायुद्ध फ्रान्सला गुंतवून ठेवत होते ती सारी वर्षे त्यांची कोठडीत गेली. १९१७ च्या थाय न्गुयेन येथील उठावात दोंग यूचा माजी विद्यार्थी लुओंग न्गोक क्वियेन पुढे होता व संघाचा झेंडा फडकला होता. नेता मात्र दूर होता.

सुटकेनंतरचा काळ गोंधळाचा आहे. १९१८ मध्ये त्यांनी फ्रेंच-व्हियेतनामी सहकार्याचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. १९२० मध्ये पेकिंगला जाऊन त्यांनी सोव्हिएत प्रतिनिधींची भेट घेतली, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. जून १९२४ मध्ये फाम होंग थाय या तरुणाने ग्वांगचौच्या शामियान भागात गव्हर्नर जनरल मेर्लँ यांच्यावर बाँब टाकला आणि पाठलाग होताच नदीत उडी घेऊन जीव दिला. मेर्लँ बचावले. बोई चाउ यांनी या तरुणाचे चरित्र लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्गुयेन आय क्वोक, म्हणजे पुढचे हो चि मिन्ह, ग्वांगचौला पोहोचले. ते बोई चाउ यांच्याच नाम दान तालुक्यातील होते आणि दोन्ही घरांचा जुना स्नेह होता. बोई चाउ यांच्या तरुण अनुयायांपैकी अनेक जण लवकरच त्यांच्याकडे वळले.

अटक व खटला

जून १९२५ च्या अखेरीस हांगचौहून शांघायला आलेल्या बोई चाउ यांना रेल्वे स्थानकाजवळ मोटारीत घालून फ्रेंच वसाहतीत नेण्यात आले. तेथून बोटीने हायफोंग व पुढे हानोईच्या होआ लो तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

त्यांची खबर कोणी दिली हा प्रश्न आजही वादग्रस्त आहे. बोई चाउ यांनी स्वतः आपल्या घरात राहणाऱ्या एका मदतनिसाकडे बोट दाखवले आहे. हो चि मिन्ह यांच्या विरोधकांनी त्यांच्यावर व त्यांच्या साथीदारांवर हा ठपका ठेवला, कम्युनिस्ट लेखकांनी तो फेटाळला. या वादात पुराव्यापेक्षा नंतरच्या यादवीतील कटुता अधिक बोलते.

२३ नोव्हेंबर १९२५ रोजी हानोईत खटला चालला आणि आजन्म सक्तमजुरीची शिक्षा झाली. बारा वर्षांपूर्वीच्या हल्ल्यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली होती. सरकारला अनपेक्षित होते ते पुढचे. बोई चाउ वीस वर्षे देशाबाहेर होते. खटल्यापूर्वी नव्या पिढीतील कित्येकांना ते जिवंत असल्याचेही ठाऊक नसावे. तिन्ही भागांतून तारा, अर्ज व पत्रके येऊ लागली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नुकतेच आलेले समाजवादी गव्हर्नर जनरल अलेक्सांद्र वारेन यांनी २४ डिसेंबर रोजी शिक्षा माफ केली, पण त्यांना मोकळे न सोडता हुएमध्ये स्थानबद्ध ठेवले. या दोघांच्या काल्पनिक भेटीवर न्गुयेन आय क्वोक यांनी फ्रेंच भाषेत लिहिलेली उपहासकथा आज व्हियेतनाममधील शाळांत शिकवली जाते.

हुएकडे जाताना न्गे आनमध्ये त्यांची पत्नी थाय थी हुयेन यांच्याशी ओझरती भेट झाली. दोन दशके त्यांनी घर, मुले आणि पोलिसांचा जाच एकटीने सोसला होता. भेट फार थोडा वेळ चालली.

बेन न्गूचे आजोबा

हुए येथील बेन न्गूच्या चढावर लोकवर्गणीतून बांधलेल्या गवती छपराच्या घरात त्यांनी उर्वरित आयुष्य घालवले. लोक त्यांना 'बेन न्गूचे आजोबा' म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्यांवर पहारा असे. सुगंधी नदीवर एका लहान होडीत ते बराच वेळ काढत. मार्च १९२६ मध्ये चाउ त्रिन सायगावला वारले, तेव्हा देशभर शोकसभा झाल्या. ज्याच्याशी आयुष्यभर वाद घातला त्या मित्राला बोई चाउ यांनीही हुएमध्ये श्रद्धांजली वाहिली. जुने मित्र ह्युन थुक खांग यांचे 'तिएंग यान' हे वृत्तपत्र १९२७ पासून हुएमधून निघत होते. त्याच्याशी त्यांचा संबंध राहिला.

या काळात त्यांनी विपुल लिहिले : कालक्रमानुसार आत्मचरित्र, कन्फ्यूशियन विचारांवरील विस्तृत ग्रंथ, स्त्रियांच्या नागरिकत्वावरील पुस्तिका व असंख्य कविता. आत्मचरित्रात यशापेक्षा चुकांचा हिशेब जास्त आहे आणि या मनुष्याची खरी उंची त्यातच दिसते. त्यांचे दोन इमानी कुत्रे वारले तेव्हा त्यांनी बागेत त्यांना पुरून नावांचे दगड बसवले. माणसांत इतके इमान विरळा, असा टोमणा त्यात होता हे कोणाच्या नजरेतून सुटले नाही.

सप्टेंबर १९४० मध्ये जपानी सैन्य उत्तर व्हियेतनाममध्ये शिरले. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या सैन्याची त्यांनी मागणी केली होती ते आले, पण फ्रेंच प्रशासनाशी समझोता करून त्याला जागेवर ठेवत. लियांग छीछाव यांनी दिलेला इशारा तेव्हा बोई चाउ यांना आठवला असेल काय, हे सांगता येत नाही. २९ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. राजपुत्र कुओंग दे जपानच्या आश्रयानेच राहिले आणि १९५१ मध्ये तोक्योत वारले.

लेखन व प्रभाव

बोई चाउ यांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन अभिजात चिनी भाषेत आहे. १९०५ मध्ये हीच भाषा त्यांना तोक्यो, शांघाय व सोलपर्यंत घेऊन गेली. पण फ्रेंचांनी जुन्या परीक्षा तोंकिनमध्ये १९१५ साली व आनाममध्ये १९१९ साली बंद केल्या, शाळांत फ्रेंच व रोमन लिपी आली आणि वीस वर्षांत त्यांच्याच देशातील तरुणांना त्यांचे मूळ ग्रंथ वाचता येईनासे झाले. परकीय राजवटीच्या वारशात करांपेक्षा ही तुटलेली साखळी अधिक टिकाऊ ठरली. आज व्हियेतनाममध्ये त्यांचे ग्रंथ भाषांतरातूनच वाचले जातात. दुसरीकडे, त्याच रोमन लिपीने पुढच्या चळवळींना शेतकऱ्यापर्यंत पोहोचवले, आणि तेथवर बोई चाउ यांचा गट क्वचितच पोहोचला होता.

त्यांची संघटना विद्वानांची होती व विद्वानांभोवतीच राहिली, ही त्यांच्यावरील मुख्य टीका रास्त आहे. कटांची आखणी ढिसाळ असे, फ्रेंच हेर सहज आत शिरत. तरीही १९५४ नंतर देशाचे दोन भाग झाले असता हानोई व सायगाव या परस्परविरोधी सरकारांनी दोन्हीकडे त्यांना राष्ट्रपुरुष मानले. असे भाग्य त्या पिढीतील फार थोड्यांना लाभले.

स्मारके

व्हियेतनाममधील बहुतेक शहरांत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. विन्ह शहरातील गुणवंत विद्यार्थ्यांच्या प्रसिद्ध शाळेला त्यांचे नाव दिले आहे. हुएमध्ये सुगंधी नदीच्या काठी शिल्पकार ले थान न्योन यांनी घडवलेला त्यांच्या मस्तकाचा भव्य कांस्यपुतळा आहे. बेन न्गू येथील घर, समाधी आणि बागेतील कुत्र्यांच्या समाध्या जतन केल्या आहेत. मार्च २०१७ मध्ये जपानचे सम्राट अकिहितो व सम्राज्ञी मिचिको यांनी व्हियेतनाम दौऱ्यात या घराला भेट दिली.